माउंटन बाइकमधील एअर शॉक आणि कॉइल शॉक

एअर शॉक आणि कॉइल शॉक हे माउंटन बाइकच्या, म्हणजेच डोंगरवाटांवर व खडबडीत जमिनीवर चालविण्यासाठी बनविलेल्या सायकलच्या, मागील सस्पेन्शनमध्ये वापरले जाणारे धक्काशोषकाचे (बोलीत ‘शॉकअप’) दोन प्रमुख प्रकार होत. एअर शॉकमध्ये बंद कक्षात दाबलेली हवा स्प्रिंगचे काम करते. कॉइल शॉकमध्ये तेच काम पोलादाची किंवा टायटॅनियम मिश्रधातूची मळसूत्री स्प्रिंग करते. भारतातील बहुतेक मोटारसायकलींच्या मागील चाकाजवळ दिसणारी स्प्रिंग ही कॉइल स्प्रिंगच असते, त्यामुळे या प्रकाराचे बाह्य स्वरूप सर्वसामान्य वाचकास परिचित आहे.

मूळ एअर शॉक काढून त्याच्या जागी कॉइल शॉक बसविणे हा माउंटन बाइकमध्ये वारंवार केला जाणारा बदल आहे. या बदलाने चाकाची जमिनीवरील पकड सुधारते आणि दीर्घ उतारावर सस्पेन्शनचे वर्तन अधिक स्थिर राहते. तथापि हा बदल प्रत्येक सायकलसाठी सुधारणा ठरतोच असे नाही. हवेची स्प्रिंग दाबाच्या अखेरीस आपोआप कठीण होत जाते; कॉइल स्प्रिंग तशी होत नाही. ही उणीव फ्रेमची रचना भरून काढणार की नाही, यावर बदलाचे यश मुख्यतः अवलंबून असते.

== रचना ==

कोणत्याही मागील शॉकचे दोन कार्यकारी भाग असतात : स्प्रिंग आणि डॅम्पर. स्प्रिंग चालकाचे वजन पेलते, आघाताची ऊर्जा साठविते आणि चाकाला पुन्हा जमिनीकडे ढकलते. डॅम्पर ही हालचाल मंद करतो. डॅम्परमध्ये तेलाने भरलेल्या नळीत पिस्टन (दट्ट्या) सरकतो. तेलाला पिस्टनमधील अरुंद छिद्रांतून व झडपांतून जावे लागते, त्यामुळे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. या क्रियेस अवमंदन म्हणतात. डॅम्पर नसलेली सायकल एका खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली हेलकावत राहील.

एअर शॉकमध्ये डॅम्परभोवती हवाबंद डबा असतो. त्यात विशेष हातपंपाने उच्च दाबाची हवा भरतात. मुख्य अथवा धन कक्षाच्या विरुद्ध बाजूस एक लहान ऋण कक्ष असतो. त्यातील हवा शॉकला आत ओढण्याच्या दिशेने बल लावते, त्यामुळे सुरुवातीची हालचाल सुलभ होते. ऋण कक्ष नसता तर शॉक हलविण्यासाठी प्रथम मुख्य कक्षातील संपूर्ण दाबावर मात करावी लागली असती.

कॉइल शॉकमध्ये डॅम्परच्या बाहेरून मळसूत्री स्प्रिंग बसविलेली असते. तिचे एक टोक डॅम्परच्या शरीरावरील आटे असलेल्या कड्यावर आणि दुसरे टोक दांड्याच्या बाजूच्या आधारावर टेकते. आटे असलेले कडे फिरवून स्प्रिंग किंचित आवळता येते. यास प्रीलोड म्हणतात. दांड्यावर रबराचा किंवा तत्सम लवचीक पदार्थाचा तुकडा असतो. शॉक पूर्ण दाबला गेल्यास धातूवर धातू आदळू नये म्हणून त्याची योजना केलेली असते.

== दोन स्प्रिंगांमागील भौतिक नियम ==

कॉइल स्प्रिंगचे वर्तन हूकच्या नियमानुसार असते. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या नियमानुसार, स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत स्प्रिंगमध्ये निर्माण होणारे बल तिच्या लांबीतील बदलाच्या सम प्रमाणात असते. स्प्रिंग दुप्पट दाबली तर बलही दुप्पट होते. बल आणि आकुंचन यांचा आलेख सरळ रेषा असतो, म्हणून अशा स्प्रिंगला रेषीय स्प्रिंग म्हणतात.

हवेच्या स्प्रिंगचे वर्तन बॉइलच्या नियमाने समजते. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या या नियमानुसार, तापमान स्थिर असता वायूचा दाब त्याच्या आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आकारमान निम्मे झाले की दाब दुप्पट होतो. पाव झाले की चौपट. या दोन नियमांच्या कर्त्यांचा प्रत्यक्ष संबंधही होता. हूक हे तरुणपणी बॉइल यांचे साहाय्यक होते आणि बॉइल यांच्या प्रयोगांसाठी लागणारा हवेचा पंप तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

दोन्ही स्प्रिंगांतील फरक पुढील सोप्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. कॉइल स्प्रिंगची ताठरता ७५ न्यूटन प्रति मिलिमीटर मानली आहे. हवेच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या स्तंभाची लांबी १०० मिलिमीटर व तापमान स्थिर मानले असून ऋण कक्षाचा परिणाम वगळला आहे.

| शॉकचे आकुंचन (मिमी) | कॉइल स्प्रिंगचे बल (न्यूटन) | हवेचा दाब (मूळ दाबाच्या पटीत) |
|---|---|---|
| ० | ० | १.०० |
| २० | १,५०० | १.२५ |
| ४० | ३,००० | १.६७ |
| ६० | ४,५०० | २.५० |

कॉइल स्प्रिंगमध्ये प्रत्येक २० मिलिमीटरला समान, म्हणजे १,५०० न्यूटन, वाढ होते. हवेच्या स्प्रिंगमध्ये पहिल्या टप्प्यातील वाढ ०.२५ पट, तर तिसऱ्या टप्प्यातील वाढ ०.८३ पट, म्हणजे तिपटीहून अधिक आहे. या वाढत्या ताठरतेस प्रगतिशीलता म्हणतात. प्रत्यक्षात जलद आघाताच्या वेळी हवेतील उष्णता बाहेर जाण्यास अवधी मिळत नाही, त्यामुळे दाब याहूनही अधिक वाढतो.

एअर शॉकची प्रगतिशीलता बदलता येते. मुख्य कक्षात प्लॅस्टिकचे लहान तुकडे (स्पेसर) ठेवले की हवेचे आकारमान घटते. वरील उदाहरणात स्तंभाची लांबी १०० ऐवजी ९० मिलिमीटर केल्यास ६० मिलिमीटर आकुंचनाला दाब २.५ पटीऐवजी ३ पट होतो. कॉइल स्प्रिंगमध्ये अशी सोय नसते. काही उत्पादक अखेरीस ताठर होत जाणाऱ्या प्रगतिशील कॉइल स्प्रिंग बनवितात. त्यांच्या वेटोळ्यांमधील अंतर सर्वत्र सारखे नसते. दाब वाढताना जवळजवळ असलेली वेटोळी प्रथम एकमेकांना टेकतात, कार्यरत वेटोळ्यांची संख्या घटते आणि ताठरता वाढते.

== फ्रेमच्या जोडणीची भूमिका ==

शॉक मागील चाकाला थेट जोडलेला नसतो. चाक आणि शॉक यांच्यामध्ये फ्रेमच्या मागील भागाची तरफ किंवा अनेक दांड्यांची जोडणी असते. चाकाची एकूण उभी हालचाल (ट्रॅव्हल) शॉकच्या एकूण आकुंचनापेक्षा (स्ट्रोक) बरीच अधिक असते. या दोहोंच्या गुणोत्तरास तरफ गुणोत्तर म्हणतात. उदा. १६० मिलिमीटर ट्रॅव्हल आणि ६५ मिलिमीटर स्ट्रोक असलेल्या सायकलचे सरासरी तरफ गुणोत्तर सुमारे २.४६ येते. चाकावरील भार या गुणोत्तराने वाढून शॉकवर पडतो.

चाक वर सरकत असताना जोडणीतील कोन बदलतात, त्यामुळे हे गुणोत्तर बहुतेक फ्रेममध्ये स्थिर राहत नाही. ते सुरुवातीस अधिक व अखेरीस कमी असेल तर फ्रेम प्रगतिशील म्हटली जाते. अशा फ्रेममध्ये शेवटच्या टप्प्यात शॉक दाबण्यासाठी चाकाला अधिक बल लावावे लागते, म्हणजेच स्प्रिंग रेषीय असली तरी चाकाच्या ठिकाणी सस्पेन्शन कठीण होत गेल्यासारखे वाटते. सुरुवातीचे गुणोत्तर २.७५ आणि अखेरचे २.१७ असेल तर घट सुमारे २१ टक्के होते. ही फ्रेमची प्रगती होय.

याउलट काही फ्रेमचे गुणोत्तर जवळजवळ स्थिर असते, तर काहींचे अखेरीस पुन्हा वाढते. अशा फ्रेमच्या रचनाकारांनी शेवटच्या टप्प्यातील आधार हवेच्या स्प्रिंगकडून मिळेल असे गृहीत धरलेले असते. तेथे कॉइल शॉक बसविल्यास मोठ्या उडीनंतर शॉक वारंवार तळाला आदळतो. हे टाळण्यासाठी अधिक ताठर स्प्रिंग घेतली तर सुरुवातीची मृदुता नाहीशी होते, आणि ज्या गुणासाठी बदल केला तोच हातचा जातो. सर्वसाधारणपणे २० टक्के किंवा त्याहून अधिक प्रगती असलेली फ्रेम कॉइल शॉकला अनुकूल समजली जाते. १० टक्क्यांच्या आसपास प्रगती असलेल्या फ्रेममध्ये हा बदल जपून करावा लागतो.

== स्प्रिंगची निवड ==

एअर शॉक कोणत्याही वजनाच्या चालकासाठी हवा भरून किंवा सोडून जुळविता येतो. कॉइल शॉकसाठी मात्र चालकाच्या वजनानुसार योग्य ताठरतेची स्प्रिंग निवडावी लागते. स्प्रिंगची ताठरता व्यवहारात पौंड प्रति इंच या एककात सांगतात आणि ती स्प्रिंगवर छापलेली असते. १ पौंड प्रति इंच म्हणजे सुमारे ०.१७५ न्यूटन प्रति मिलिमीटर. बाजारातील स्प्रिंग बहुधा ५० किंवा २५ पौंड प्रति इंचाच्या फरकाने उपलब्ध असतात.

निवडीचा आधार सॅग हा असतो. चालक नेहमीच्या पोशाखात व सामानासह सायकलवर स्थिर उभा असता शॉक जेवढा दाबला जातो, त्यास सॅग म्हणतात. तो स्ट्रोकच्या टक्केवारीत सांगतात व बहुधा २५ ते ३५ टक्के ठेवतात. चाक खड्ड्यात उतरताना खालीही सरकावे यासाठी सॅग आवश्यक असतो.

समजा, चालकाचे सामानासह वजन ८० किलोग्रॅम आहे आणि सायकलचा सस्पेन्शनवर तोललेला भाग १२ किलोग्रॅम आहे. एकूण ९२ किलोग्रॅमपैकी ६५ टक्के भार मागील चाकावर येतो असे मानल्यास तो सुमारे ६० किलोग्रॅम, म्हणजे ५८८ न्यूटन होतो. स्ट्रोक ६५ मिलिमीटर असून सॅग ३० टक्के, म्हणजे १९.५ मिलिमीटर हवा आहे.

* सरासरी तरफ गुणोत्तर २.४६ घेतल्यास शॉकवरील बल सुमारे १,४४६ न्यूटन येते. त्याला १९.५ ने भागल्यास ताठरता ७४.२ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४२४ पौंड प्रति इंच येते.
* वर सांगितलेल्या प्रगतिशील फ्रेममध्ये सॅगच्या जागी गुणोत्तर सुमारे २.५८ असते. मग शॉकवरील बल सुमारे १,५१७ न्यूटन आणि ताठरता ७७.८ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४४४ पौंड प्रति इंच येते.

पहिल्या गणितानुसार ४२५ ची, तर दुसऱ्यानुसार ४५० ची स्प्रिंग घ्यावी लागेल. केवळ सरासरी गुणोत्तरावर आधारलेले गणित प्रगतिशील फ्रेममध्ये किंचित मऊ स्प्रिंग सुचविते, हे यावरून दिसते. म्हणून गणिताने आलेला अंक हा प्रारंभबिंदू मानून सॅग प्रत्यक्ष मोजावा लागतो.

याच उदाहरणावरून फ्रेमच्या प्रगतीचा लाभही मोजता येतो. स्थिर गुणोत्तराच्या फ्रेममध्ये ७४.२ ताठरतेची स्प्रिंग पूर्ण दाबली असता चाकावरील बल सुमारे १,९६० न्यूटन होते. प्रगतिशील फ्रेममध्ये ७७.८ ताठरतेच्या स्प्रिंगसह ते सुमारे २,३३० न्यूटन होते. दोन्ही सायकलींचा सॅग सारखाच असूनही दुसरीचा शेवटचा आधार सुमारे १९ टक्के अधिक आहे.

प्रीलोड वाढवून चुकीची स्प्रिंग योग्य करता येत नाही. प्रीलोडमुळे स्प्रिंगची ताठरता बदलत नाही. हालचाल सुरू होण्यास लागणारे बल तेवढे वाढते. त्यामुळे स्प्रिंग सैल राहू नये इतपतच, बहुधा एक ते दोन फेरे, प्रीलोड देतात. अधिक फेरे दिल्याशिवाय इच्छित सॅग मिळत नसेल तर अधिक ताठर स्प्रिंग घेणे हाच उपाय असतो.

== स्प्रिंगचे द्रव्य ==

मळसूत्री स्प्रिंगची ताठरता चार गोष्टींवर अवलंबून असते : द्रव्याचा दृढता गुणांक, तारेचा व्यास, वेटोळ्याचा व्यास आणि कार्यरत वेटोळ्यांची संख्या. ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. तार केवळ १० टक्के जाड केली तरी ताठरता सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते.

पोलादाचा दृढता गुणांक सुमारे ७९ गिगापास्कल आणि घनता सुमारे ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. टायटॅनियम मिश्रधातूंसाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे ४४ आणि ४.५ आहेत. दृढता गुणांक कमी असल्याने टायटॅनियमची स्प्रिंग कमी वेटोळ्यांत तेवढीच ताठरता देते, शिवाय तिचे द्रव्यही हलके असते. त्यामुळे वजनात लक्षणीय बचत होते; परंतु तिची किंमत पोलादी स्प्रिंगच्या कितीतरी पट असते. दरम्यानचा पर्याय म्हणून उच्च बलाच्या पोलादाच्या हलक्या स्प्रिंगही बनविल्या जातात.

== चालविताना जाणवणारे फरक ==

=== पकड ===

एअर शॉकमधील उच्च दाबाची हवा रोखण्यासाठी मोठ्या व्यासाची घट्ट सीले लागतात. स्थिर अवस्थेतून हलताना या सीलांचे घर्षण ओलांडावे लागते, त्यामुळे लहान खडे व मुळे यांवरून जाताना शॉक किंचित उशिरा प्रतिसाद देतो. कॉइल शॉकमध्ये फक्त डॅम्परच्या बारीक दांड्याभोवतीचे सील असल्याने घर्षण कमी असते. चाक जमिनीच्या चढउतारांबरोबर अधिक सहजपणे हलते आणि टायरची पकड, विशेषतः ओल्या मुळांवर व सुट्या दगडांवर, अधिक सातत्याने टिकते. ब्रेक आणि वळण या दोन्हींची परिणामकारकता पकडीवरच अवलंबून असल्यामुळे हा कॉइल शॉकचा सर्वांत महत्त्वाचा लाभ मानला जातो. आधुनिक एअर शॉकमध्ये ऋण कक्ष मोठा करून व सीलांचे घर्षण घटवून हे अंतर बरेच कमी करण्यात आले आहे.

=== मधल्या टप्प्यातील आधार ===

हवेच्या स्प्रिंगचा आलेख सुरुवातीस मऊ, मध्यभागी सपाट व अखेरीस तीव्र चढाचा असतो. त्यामुळे समान सॅग असूनही एअर शॉक मधल्या टप्प्यात अधिक खोल जातो. कॉइल शॉकचा आधार समान गतीने वाढत असल्याने वळणात किंवा उडी घेताना सायकल कशी वागेल याचा अंदाज चालकास सोपा जातो. याउलट उडी घेताना एअर शॉकच्या अखेरच्या ताठरतेमुळे मिळणारी उसळी काही चालकांना अधिक पसंत असते.

=== उष्णता ===

दीर्घ उतारावर डॅम्परमध्ये निर्माण होणारी उष्णता एअर शॉकमधील हवेलाही तापविते. कक्षातील हवेचे तापमान २० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांवर गेले, तर समान आकारमानाला दाब सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. शॉक अधिक कठीण होतो व उसळीही बदलते. पोलादी स्प्रिंगची ताठरता एवढ्या तापमानबदलाने जवळजवळ बदलत नाही. मात्र तापल्यावर तेल पातळ होऊन अवमंदन घटणे हा परिणाम दोन्ही प्रकारांत संभवतो.

=== चढ आणि वजन ===

कॉइल शॉक मृदु असल्याने चढावर पॅडल मारताना सायकल वरखाली हलण्याची प्रवृत्ती वाढू शकते. हे किती जाणवेल हे फ्रेमच्या जोडणीवरही अवलंबून असते. अनेक कॉइल शॉकमध्ये चढावर अवमंदन वाढविणारी कळ दिलेली असते. पोलादी स्प्रिंगसह कॉइल शॉक बसविल्यास सायकलचे वजन बहुधा ३०० ते ५०० ग्रॅमनी वाढते. हे वजन सायकलच्या मध्यभागी व खालच्या बाजूस असल्याने चाकांवरील तेवढ्याच वजनाइतके ते जाणवत नाही. तरीही दीर्घ चढाच्या स्पर्धांमध्ये ते टाळले जाते.

== बदल करताना तपासावयाच्या बाबी ==

'''मापे.''' नव्या शॉकची दोन्ही जोडछिद्रांमधील लांबी व स्ट्रोक मूळ शॉकइतकेच असावे लागतात. लांबी अधिक असल्यास फ्रेमचे कोन बदलतात. स्ट्रोक अधिक असल्यास चाक किंवा जोडणी फ्रेमवर आदळू शकते. २०१६ पासून प्रचारात आलेल्या मेट्रिक मापांत २१० × ५५ किंवा २३० × ६५ मिलिमीटर अशी मापे आढळतात. त्यापूर्वीची इंचांवर आधारित मापे, उदा. २१६ × ६३ मिलिमीटर, त्यांच्याशी जुळत नाहीत. ट्रनियन प्रकारच्या शॉकचे वरचे टोक छिद्राऐवजी दोन्ही बाजूंनी बोल्टने बसविले जाते, त्यामुळे तो साध्या जोडणीच्या फ्रेममध्ये बसत नाही.

'''स्प्रिंगची लांबी.''' स्प्रिंगला शॉकच्या पूर्ण स्ट्रोकइतके दाबले जाण्याची मुभा हवी. कमी स्ट्रोकसाठी बनविलेली स्प्रिंग वापरल्यास वेटोळी एकमेकांना टेकून शॉक अकस्मात थांबतो व डॅम्परचे नुकसान होते. स्प्रिंगचा आतील व्यासही शॉकच्या निर्मात्याने सांगितलेलाच असावा लागतो.

'''जागा.''' कॉइल शॉकचा घेर व बाजूची तेलाची कुपी यांमुळे तो फ्रेमला, जोडणीला किंवा पाण्याच्या बाटलीला घासू शकतो. म्हणून स्प्रिंग काढलेला शॉक बसवून मागील चाक पूर्ण वर उचलून सर्व हालचाल तपासली जाते.

'''पार्श्वभार.''' काही फ्रेममध्ये शॉक आणि जोडणी यांच्यामध्ये लांब चिमट्यासारखा दुवा असतो. अशा रचनेत शॉक दाबला जाताना त्यावर बाजूने वाकविणारे बलही येते. एअर शॉकचा रुंद डबा हे बल काही प्रमाणात पेलतो. कॉइल शॉकचा बारीक दांडा मात्र वाकण्याचा किंवा तुटण्याचा धोका असतो. उतारावर वेगात असताना दांडा तुटल्यास चालकास गंभीर इजा होऊ शकते. यामुळे काही फ्रेम उत्पादक कॉइल शॉक वापरण्यास मनाई करतात किंवा ठरावीक शॉकनाच मान्यता देतात. फ्रेमच्या माहितीपुस्तिकेतील ही नोंद खरेदीपूर्वी पाहणे अत्यावश्यक असते. तिचे उल्लंघन केल्यास फ्रेमची हमीही रद्द होऊ शकते.

'''अवमंदन.''' शॉकच्या आतील झडपांची रचना ठरावीक तरफ गुणोत्तरासाठी केलेली असते. एका सायकलसाठी बनविलेला कॉइल शॉक मापाने दुसरीत बसला तरी त्याचे अवमंदन तेथे अति सौम्य किंवा अति तीव्र ठरू शकते. काही कॉइल शॉकमध्ये शेवटच्या टप्प्यात तेलाचा मार्ग अरुंद करून आदळणे रोखणारी यंत्रणा असते. मध्यम प्रगतीच्या फ्रेममध्ये ती विशेष उपयुक्त ठरते.

== बसविल्यानंतरची जुळवणी ==

प्रथम सॅग मोजला जातो. त्यासाठी चालक उतारावर घेतात तशा उभ्या स्थितीत सायकलवर राहतो व दुसरी व्यक्ती शॉकच्या दोन बोल्टांमधील अंतर मोजते. हे अंतर भाररहित लांबीतून वजा केले की सॅग मिळतो. त्यानंतर रिबाउंड, म्हणजे शॉक पुन्हा लांब होण्याचा वेग, जुळविला जातो. तो फार जलद असल्यास उडीनंतर सायकल चालकाला पुढे फेकते. फार मंद असल्यास लागोपाठच्या खड्ड्यांत शॉक पूर्ववत होण्यास वेळ मिळत नाही व तो हळूहळू खाली दबत जातो. अधिक ताठर स्प्रिंग अधिक बलाने उसळते, म्हणून स्प्रिंग बदलली की रिबाउंडही नव्याने जुळवावा लागतो.

मागील शॉक बदलल्याचा परिणाम पुढील फोर्कवरही जाणवतो. मागील चाकाची पकड वाढली व पुढील फोर्क पूर्वीइतकाच कठीण राहिला तर सायकल असंतुलित वाटते. अशा वेळी फोर्कमधील हवेचा दाब व अवमंदन नव्याने जुळविले जाते.

== देखभाल ==

एअर शॉकच्या डब्यातील सीले व वंगण ठरावीक काळाने बदलावे लागते. काही उत्पादक सुमारे ५० तासांच्या वापरानंतर ही देखभाल सुचवितात. सील निकामी झाल्यास हवा गळून शॉक खाली बसतो. डबा उघडण्यापूर्वी संपूर्ण हवा सोडणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते.

कॉइल शॉकमध्ये हवेचा डबा नसल्याने ही वारंवार करावी लागणारी देखभाल वाचते. तथापि डॅम्परचे तेल व सीले दोन्ही प्रकारांत कालांतराने बदलावी लागतात. दांड्यावर चिखल व धूळ साचू न देणे, स्प्रिंगवर गंज किंवा खोल ओरखडा नाही हे पाहणे आणि प्रीलोडचे कडे सैल झालेले नाही याची खात्री करणे एवढी नित्याची काळजी पुरते. पोलादी तारेवरील खोल ओरखड्यापासून कालांतराने तडा सुरू होऊ शकतो.

== इतिहास ==

१९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन काउंटीत जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून उतरविण्याचा छंद रूढ झाला. तेथे १९७६ पासून होऊ लागलेल्या ‘रीपॅक’ शर्यतींमधून माउंटन बाइकिंगला वळण मिळाले. या सायकलींना सस्पेन्शन नव्हते. धक्के चालकाच्या हातापायांनाच सोसावे लागत.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या रॉकशॉक्स कंपनीच्या पुढील फोर्कमुळे सायकलींमध्ये सस्पेन्शनचा प्रसार सुरू झाला. १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरँगो येथे जागतिक सायकलिंग संघटनेची पहिली माउंटन बाइक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्याच दशकात मागील सस्पेन्शनच्या अनेक रचना पुढे आल्या. त्यांपैकी होर्स्ट लाइटनर यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘होर्स्ट लिंक’ ही चार दांड्यांची जोडणी विशेष प्रसिद्ध आहे.

पुढील काळात दोन प्रकारांची विभागणी झाली. केवळ उतारावर वेगाने जाण्याच्या डाउनहिल शर्यतींत वजनापेक्षा पकड महत्त्वाची असल्याने कॉइल शॉक टिकून राहिला. चढही पार करावे लागणाऱ्या सायकलींमध्ये हलका व सहज जुळविता येणारा एअर शॉक सर्वत्र रूढ झाला. २०१३ मध्ये एंड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली. एंड्युरो प्रकारात चढ चालकाने स्वतः पार करावा लागतो, परंतु वेळेची नोंद मुख्यतः उतारावरील टप्प्यांची होते. या प्रकाराच्या लोकप्रियतेबरोबर मध्यम ट्रॅव्हलच्या सायकलींमध्येही कॉइल शॉकला पुन्हा मागणी आली. त्यानंतर अनेक उत्पादकांनी एअर व कॉइल अशा दोन्ही शॉकना अनुकूल ठरतील अशा प्रगतिशील फ्रेम बनविण्यास प्रारंभ केला.

== उपयुक्तता आणि मर्यादा ==

कॉइल शॉक पुढील परिस्थितीत अधिक उपयुक्त ठरतो : फ्रेम पुरेशी प्रगतिशील आहे, तिच्या निर्मात्याची कॉइल शॉकला मान्यता आहे, सायकलचा मुख्य उपयोग दीर्घ व खडबडीत उतारांसाठी आहे आणि चालकाचे सामानासह वजन फारसे बदलत नाही. एकच सायकल वेगवेगळ्या वजनाच्या व्यक्ती वापरत असतील, प्रवासात बदलते सामान न्यावे लागत असेल किंवा चढावरील वेग महत्त्वाचा असेल तर एअर शॉक अधिक सोयीचा असतो.

एअर शॉकविषयीच्या काही तक्रारी शॉक न बदलताही दूर होऊ शकतात. शॉक वारंवार तळाला आदळत असेल तर स्पेसर वाढविणे, तो सुरुवातीस कठीण वाटत असेल तर दाब व सॅग तपासणे, तसेच सीले बदलणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. देखभालीअभावी कोरड्या पडलेल्या सीलांचे घर्षण हा हवेच्या स्प्रिंगचा अंगभूत दोष समजला जाण्याची शक्यता असते. त्यामुळे व्यवस्थित देखभाल केलेल्या एअर शॉकशी तुलना केल्यानंतरच कॉइल शॉकचा खरा लाभ ठरविता येतो.

== हेही पाहा ==

* माउंटन बाइक
* हूकचा नियम
* बॉइलचा नियम
* स्प्रिंग
* धक्काशोषक